पोटात ठेवलेला आवाज

मी रेकॉर्डर बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे. लोकांचं ऐकायचं आणि पोटात ठेवायचं, एवढंच मला येतं.

रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका दुकानातून मी तिथल्याच एका कॉलेजात, मानवशास्त्र विभागात आलो. आधी बरीच वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी काढली. मुलं मला न्यायची आणि वाढदिवसाची गाणी भरून परत आणायची. मग चेतना आली. रेल्वेत काम करणाऱ्या तुळशीरामची ही मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रबंध होता शहराबाहेरच्या उरल्यातल्या, लोखंडी सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमधल्या बायकांवर. या बायका कामावर जाताना बांगड्या काढून गेटबाहेरच्या चहाटपरीच्या खिळ्याला अडकवतात आणि सुटी झाली की पुन्हा हातात घालतात.

"जयभीम मावशी," म्हणत चेतनानं मला त्या बायकांपैकी सरलाबाईच्या मांडीवर ठेवलं. बांगड्यांचं बोलता बोलता सरलाबाईनं पदराखालचा हात बाहेर काढला. तापलेल्या सळईनं तो कोपरापर्यंत भाजला होता. मिलच्या ठेकेदारानं मात्र घरी चुलीवर भाजला असं लिहून घेतलं होतं. तिच्या हिरव्या बांगड्या आता एकाच हातात होत्या.

"मायं नाव नोको टाकजो वं पोट्टी. ठेकेदाराले समजलं त मले गेटच्या आत घेनार नाही."

"नाही टाकत मावशी, पक्का."

चेतनानं शब्द पाळला. प्रबंधात सरलाबाईचं नाव बदललं, गाव बदललं, वयसुद्धा बदललं. शहाणीच ती! मी आवाज जसाच्या तसा सांभाळतो, हे मात्र तिच्या डोक्यात आलंच नाही.

तोंडी परीक्षेला सगळा वर्ग बसला होता. बाहेरून आलेले परीक्षक नेमके भाजलेल्या हाताच्या प्रकरणावर अडले.

"ये आपने बनाया तो नहीं? रेकॉर्डिंग सुनाइए."

चेतनानं मला उचललं आणि तिची नजर पहिल्या रांगेत गेली. तिथं राजस बसला होता, त्याच ठेकेदाराचा मुलगा. दर दिवाळीला सरलाबाई त्यांच्या घरी जळमटं काढायला जायची. माझ्यातून तिचं नुसतं 'हव', म्हणजे 'हो', एवढं ऐकू आलं असतं तरी त्यानं आवाज ओळखला असता.

"सर, सिर्फ आपको सुनाऊँ?"

"सबके सामने. नहीं तो ये अध्याय कटेगा."

तिच्या मार्गदर्शक लता मॅडम डोळ्यांनीच खुणावत होत्या, लाव गं, लाव. परीक्षकांनी हात पुढे केला. "मशीन तो विभाग की है. लाइए, मैं लगाता हूँ."

चेतनानं अंगठ्यानं माझं पुसायचं बटण दाबलं.

"रेकॉर्डिंग नहीं है, सर."

प्रकरण गेलं, पहिला वर्ग गेला. प्रबंध तेवढा पूर्ण झाला. मला राग येतो, अजूनही येतो. माझ्या पोटातली सगळ्यांत खरी गोष्ट होती ती, आणि आता तो भाजलेला हात कुठंच नोंदलेला नाही.

पण मला परत करण्याआधी चेतना मला घेऊन उरल्याला गेली. टपरीच्या खिळ्याला हिरव्या बांगड्या लटकत होत्या. सरलाबाई गेटच्या आत होती.

आता मी पुन्हा डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून आहे. मला न्या, जरूर न्या. फक्त कुणाच्या मांडीवर ठेवण्याआधी माझं पुसायचं बटण कुठं आहे, ते बघून घ्या.