निजलेली जमीन

आश्विन उतरणीला लागला होता. सोनसळी उन्हात डोंगराची पाठ खुरासणीच्या फुलांनी भरली होती; पिवळ्यावर पिवळं, उन्हावर ऊन. त्या पीतवसन उताराच्या कुशीत एक तुकडा मात्र हिरवा, गवताळ, निःशब्द पडून होता. पडून कसला, निजून होता. वाडीतले ठाकर त्याला निजलेली जमीनच म्हणतात.

तीन वर्षं नाचणी, वरी, खुरासणी. मग चार वर्षं नीज. निजल्या जमिनीवर पायताण घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. हा तुकडा कसणाऱ्या हिरूआत्याच्या सासूनं हे पाळलं, तिच्याही सासूनं पाळलं.

तोच उतार कान्हू भस्मा चढत होता. याच वाडीचा, आता तालुक्याच्या कचेरीत कारकून. खिशात आत्याच्या वनहक्क दाव्याचा निकाल. लाज वाटत होती त्याला, आणि वाटायलाच हवी होती.

वैशाखात साहेबांबरोबर पाहणीला तोच आला होता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर करणारा कायदा. चांगला कायदा हो, पण त्याला डोळे कारकुनाचे! आत्या म्हणाली, निजलीया. साहेबांनी विचारलं, म्हणजे काय? बी.ए. झालेल्या कान्हूला आपल्या वाडीचा शब्द साहेबांपुढे उच्चारायची शरम वाटली. त्यानं एक सुवाच्य, शुद्ध, सरकारी शब्द लिहून टाकला. पडीक.

आज आत्यानं त्याला ओटीवर बसवलं. जमीन नावावर झाल्याचा पट्टाच आणला असणार, या भरवशानं ऊन ऊन भाकरी पुढे ठेवली. त्याच जमिनीची नाचणी, कणगीच्या तळाची, जपून ठेवलेली. कान्हूनं तोडलेला घास परत ठेवला. मग त्यानं कागद वाचून दाखवला. जमीन पडीक, कसणूक नाही, दावा अमान्य.

"पडीक कुणी लिवलं?"

"मी, आत्या."

ती ओरडली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या दिशी तू बूट घालून तिच्यावरनं चालत गेलास," ती हळूच म्हणाली. "तवाच मला उमगाया हवं व्हतं."

अपिलाला साठ दिवस होते. कान्हूनं कोरा कागद मागितला नाही, स्वतःच्याच पिशवीतून काढला. लिहिलं, जमीन निजलेली आहे. पडीक हा शब्द खोटा, आणि तो मी लिहिला. नोकरीवर बेतेल हे ठाऊक असून खाली सही केली. आत्यानं शेजारी अंगठा उमटवला, आणि उरलेली भाकरी नेहमीसारखी फडक्यात बांधून त्याच्या हाती दिली. आईला दे म्हणाली.

खाली उतरताना तो त्या तुकड्याच्या कडेशी थांबला. बूट काढून हातात घेतले. पिवळ्यातून हिरव्यात, अनवाणी, दबक्या पावलांनी, मान खाली घालून तो चालत गेला.

जमीन निजली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.