हे बरं, की आधीचं?

आईने स्ट्रॉचं टोक ग्लासात बुडवलं, वरच्या टोकावर बोट दाबलं आणि नळीत अडकलेला थेंब उचलून जिभेवर सोडला. मग डोळे मिटून ती तशीच उभी राहिली. पिशवी हातात घेऊन दारात थांबलेल्या लेकीला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो.

ओट्यावर बर्फाचं भांडं होतं, चार फोडी केलेलं लिंबू होतं, साखरेचा डबा उघडा होता आणि त्यांच्यामध्ये उसाच्या दारूची बाटली. बाबांची. बाबांच्या कपाटावरची धूळ पुसायलासुद्धा आई वेगळं फडकं वापरायची. पहाटे उठून जप, संध्याकाळी प्रार्थना, आठवड्यातून दोन दिवस उपास आणि एक दिवस मौन, असा तिचा नेम लेक जन्मापासून बघत आली होती. बाई इतकी हळू बोलायची की बाबा म्हणत, "तुझ्या आईशी भांडायचं म्हणजे आधी रेडिओ बंद करावा लागतो."

"लिंबू जास्त झालंय," आई आता म्हणाली. स्वयंपाकघरात ती एकटीच होती.

तिने थेंब मोरीत थुंकला, तीन चुळा भरल्या आणि पेन्सिलीच्या बुटक्या तुकड्याने एका वहीत काहीतरी लिहिलं. मग वळली.

"आलीस? दार लाव, वारा येतोय."

"आई, काय करते आहेस तू हे?"

"झालंच माझं," म्हणत आईने भरलेला ग्लास मोरीत ओतून दिला. जणू धुण्याचं उरलेलं पाणी.

समोरच्या काकूंनी फोनवर सांगितलं होतं, पण लेकीचा विश्वास बसला नव्हता. "तुझी आई रोज सहाच्या ठोक्याला बाटल्या उघडते गं! मी म्हटलं, म्हातारपणी माळ सोडून प्याला धरला की काय. पण वास येत नाही गं तोंडाला. आणि जेवत तर नाहीच." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. बाबा गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत नऊ किलो वजन उतरलेलं, तपासण्यांत मात्र काही नाही. "बरोबर घेऊन जा. एकटं ठेवू नका," ते म्हणाले होते. म्हणून लेक चार दिवसांची रजा टाकून आली होती, आईला घेऊन जायचंच असं ठरवून.

जेवताना आईने एक घास तोंडात धरला, बराच वेळ घोळवला आणि मुकाट्याने ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"काय झालं?"

"लिंबाचं लागतंय सगळं." ती ओशाळली. "उद्यापर्यंत जाईल. त्यानं नीट केलं, तर."

"कुणी?"

आईने ताट सरकवलं आणि ती पाणी प्यायली.

सकाळी आई जपाला बसलेली असताना लेकीने ती वही उघडली. लहानपणी तिने ती पुष्कळदा पाहिली होती. बाबा मोठ्या हॉटेलात बारवर उभे असत आणि तिथे द्यायची पेयं आधी घरी करून बघत. एकेका पानावर एकेक देश: इटली, क्यूबा, ब्राझील. आयुष्यात त्यांनी एकाही देशाचं तिकीट काढलं नव्हतं. पेरूच्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'खायचा नव्हे, जायचा.' त्याखाली द्राक्षाची दारू, लिंबू, साखर, अंड्याचा पांढरा भाग. आधी बर्फाशिवाय घुसळायचं, मग बर्फ घालून. फेसावर कडू अर्काचे तीन थेंब. अक्षर बाबांचं, ऐसपैस, शाईचं.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात: 'साखर कमी.' 'कालच्यापेक्षा बरं.' 'आज बरोबर.'

हे शेरे बाबांचेच, असं ती आजवर समजत आली होती. आता तिने वही खिडकीशी नेली. ते अक्षर तिच्या शाळेच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवरचं होतं.

जप संपवून आई आली. वही लेकीच्या हातात पाहून ती दचकली नाही. स्टुलावर बसली आणि पदराच्या टोकाने माळ पुसत राहिली.

"तू सातवीत होतीस. तुझ्या बाबाला तो ताप आला होता बघ, पंधरा दिवसांचा."

"हो. मला मावशीकडे ठेवलं होतंत."

"ताप उतरला, पण नाक गेलं. जीभही गेली. लिंबू चाटलं तरी कळेना. हॉटेलात समजलं असतं तर ग्लास विसळायला बसवला असता. बहिऱ्यानं तंबोरा लावायचा म्हणजे कोण ठेवून घेईल?" आईने माळ बोटांभोवती गुंडाळली. "मग म्हणाला, तू सांग. म्हटलं, माझा नेम आहे. तर म्हणाला, गिळू नकोस. एक थेंब फक्त. मी देवाला सांगून ठेवलं आणि चाखलं. चूळ भरायची नि प्रार्थनेला बसायचं."

"एकोणीस वर्षं?"

"रोज."

लेकीला एकदम आठवलं. संध्याकाळी ती पलीकडच्या खोलीत अभ्यास करत बसायची आणि भिंतीतून बाबांचा आवाज यायचा: 'हे बरं, की आधीचं?' उत्तर कधी ऐकू यायचं नाही; आई इतकं हळू बोलायची. लेक आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. दिवसातून शंभरदा ती एक काच काढते, दुसरी घालते आणि हाच प्रश्न विचारते. तो आपण कुठून उचलला, हे तिला आजपर्यंत कधी उमगलं नव्हतं.

"पण आता बाबा नाहीत, आई."

"हो ना," आई म्हणाली. "तरी विचारतो."

दुःखाने माणूस असं काहीबाही बोलतं, लेकीने स्वतःला समजावलं. आणखी दोन दिवस, मग घरी नेऊ, हवापालट होईल. दुपारभर तिने आईचे कपडे बॅगेत भरले. आई घड्या घालून देत होती आणि काकूंच्या सुनेबद्दल सांगत होती. सांगता सांगता वाक्याच्या मध्येच थांबली. मिटल्या ओठांआड तिची जीभ हळूहळू फिरताना गालावरून दिसत होती. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजले होते.

"पेरूचं आहे," आई म्हणाली. "अंडं नीट घुसळलेलं नाही. पातळ लागतंय."

ती उठली. बाबांचं फडकं तिने डाव्या खांद्यावर टाकलं, अंडं ग्लासाच्या कडेवर फोडलं आणि टरफलाच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात बलक झेलत पांढरा भाग वेगळा केला. शेकर कानाजवळ नेऊन हलवला, अगदी बाबांसारखा.

"वहीतलं नीट करून शेजारी ठेवावं लागतं," ती म्हणाली. "तोंडातलं आणि हे. त्याशिवाय फरक कळत नाही. लिहिलं नाही तर तो पुन्हा पुन्हा करतो. बरोबर होईपर्यंत तोंडातनं जात नाही."

"आणि तोवर तू जेवायचं नाहीस?"

"जेवते की. फक्त जेवणाची चव येत नाही."

तिने लिहिलं, 'अजून घुसळ.' अर्ध्या तासाने ती आपणहून म्हणाली, "झालं," आणि घाईघाईने दोन घास खाल्ले. तिसरा घास तोंडाशी नेला नि परत ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुसरं केलं त्यानं. पूर्वी दिवसाला एक असायचं गं. आता त्याला तिकडे दुसरं काम नाही."

तिसऱ्या दिवशी सहाला आई खुर्चीतून उठलीच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती खिडकीतल्या उन्हाकडे बघत होती.

"आज काय?" लेकीने विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं.

"माहीत नाही. हे मी कधी चाखलेलं नाही." आईचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला होता. "धूर आहे. ओल्या लाकडाचा. आणि मीठ. मागाहून काकडीसारखं गार काहीतरी. हे वहीत नाही, बाय. हे त्यानं नवीन काढलंय. आता याच्याशी काय लावून बघू?"

लेकीने कपाट उघडलं. मागच्या रांगेत, निवृत्तीच्या दिवशी हॉटेलातल्या लोकांनी दिलेली बाटली होती. त्यानंतर महिन्याभरातच बाबा गेले. ती उघडायची राहून गेली होती. बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, धुरावर वाळवलेल्या सातूची दारू. झाकणावरचं सील शाबूत होतं. बाटली मात्र मानेपर्यंत भरलेली नव्हती. ती चार बोटं खाली आली होती.

लेकीने ती उजेडात धरली. मग शेजारची धरली. मग तिसरी.

"सगळ्याच उतरतात," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "बघत जाऊ नकोस."

सील फोडताना लेकीचा अंगठा कापला. आई सांगत गेली, ती करत गेली: काकडी ठेचली, लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं, धुराची दारू दोन मापं, बर्फ. गाळणीतून ग्लासात ओतलं तेव्हा खोलीभर विझलेल्या शेकोटीचा वास पसरला. आईने ग्लासाकडे हात नेला आणि तो वाटेतच खाली पडला. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी बोटांपर्यंत घरंगळली.

"मला नाही जमणार आज," ती म्हणाली. "जाऊ दे. राहील तोंडात."

लेकीने स्ट्रॉ उचलला.

"नको." आई एवढ्या मोठ्याने बोलली की दोघीही दचकल्या. जन्मात पहिल्यांदा लेकीने तिचा असा आवाज ऐकला. "तू नको. एकदा सांगितलंस की तो तुलाच विचारणार. मला माहीत आहे त्याचा स्वभाव. एक थेंब म्हणाला होता मला."

"तू बस, आई."

"तुझं सगळं आयुष्य जायचंय अजून. तुला जेवायचंय, खायचंय…"

"आणि तुला नाही?"

लेकीने स्ट्रॉ बुडवला, वर बोट दाबलं आणि थेंब जिभेवर सोडला. धूर, मीठ, गारवा. मग ओट्याच्या त्या टोकाकडे, जिथे बाबा उभे राहत, तिकडे तोंड करून तिने डॉक्टर रोग्याला सांगतात तशा साध्या स्वरात सांगितलं.

"मीठ जास्त आहे, बाबा. बाकी छान."

मोरीत थुंकून तिने चूळ भरली. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तेच शब्द पेन्सिलीने लिहिले. तिचं अक्षर आईसारखं नव्हतं. मोठं होतं, ठसठशीत, दुकानातल्या तक्त्यावरचं वाटावं असं.

ग्लासात बर्फ तडकला. आईच्या गालाआडची जीभ फिरायची थांबली होती. तिने बोटांनी ओठ चाचपले, जणू तिथे काही होतं नि पडलं.

"गेलं," ती म्हणाली.

सकाळी आईने सफरचंद कापलं. पहिली फोड तिने दातात धरली, थांबली आणि मग सावकाश चावली. "गोड आहे गं," ती म्हणाली. लेक बॅगेची चेन लावेपर्यंत तिने सबंध सफरचंद खाल्लं, मधल्या गाभ्यासकट. दुसरं हातात घेतलं. खाताना ती लेकीकडे बघत नव्हती.

निघताना बॅगेत वही कुणी ठेवली ते लेकीने विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस बरे गेले. लेकीच्या घरी आई दोन्ही वेळा जेवू लागली, कोपऱ्यात आसन मांडून जपाला बसू लागली. गालांवर थोडी लाली आली. मात्र संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती दुकानात फोन करायची. "काही नाही, सहज," म्हणायची. "काही वाटतंय का तुला?"

"काही नाही गं," लेक म्हणायची, आणि ते खरं होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी सहाला दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एक शाळामास्तर खुर्चीवर बसले होते. नाकावर चाचणीचा जाड चष्मा, समोर उजळलेला तक्ता. लेक काच बदलत होती. बाहेर फोन वाजला. तिच्या हातात काच होती म्हणून तिने तो घेतला नाही.

"तिसरी ओळ वाचा."

मास्तर वाचू लागले. लेकीचं लक्ष अक्षरांवर नव्हतं. तिच्या जिभेच्या टोकावर संत्र्याच्या सालीची कडवट, लालसर चव उमटली होती. मागोमाग औषधी पाल्याचा वास आणि मग जड गोडवा. इटलीचं पान. दुपारच्या जेवणानंतर तिने चहाशिवाय काही घेतलेलं नव्हतं.

चव थांबून राहिली. वाट बघितल्यासारखी.

"हे बरं, की आधीचं?" खोलीत कुणीतरी विचारलं. तिनेच विचारलं असणार. मास्तरांनी मान वळवली नाही.

"आधीचं," मास्तर म्हणाले.

तिने काच काढली. तोंडात जीभ फिरवली, एकदा, दोनदा. मग खिशातून पेन्सिलीचा बुटका तुकडा काढला आणि नंबराच्या कागदाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात, 'कडू जास्त' असं लिहिलं.

बाहेरचा फोन अजून वाजत होता.

"पुढची ओळ," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मास्तरांना कानाशी हात न्यावा लागला.