सेलवरचा दिवा

वायरमननं खडूनं भिंतीवर सरळ रेघ ओढली. झोपायच्या खोलीच्या दारापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत. दोन पावलं मागं सरून तिच्याकडे बघितलं आणि छिन्नीसाठी पिशवीत हात घातला.

शिंपीकाका दाराशी उभे होते. खडूची रेघ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. जन्मभर त्यांनी कापडावर तशा रेघा मारल्या होत्या आणि त्यांवरून कात्री चालवली होती.

ही रेघ नेमकी त्या पट्ट्यावरून गेली होती. दोन्ही दारांमधल्या बोळात, त्या भिंतीवर, कमरेच्याही खाली, एक मळकट पट्टा होता. नीट बघितल्याशिवाय दिसत नसे. शेवटच्या महिन्यांत बायको न्हाणीघरात जायला उठे, ती भिंत चाचपत जाई. पाठ वाकलेली, म्हणून हात खाली. गुडघ्यांना तेल चोळून तळवे तेलकट. काका धरायला उठले की म्हणे, "झोपा तुम्ही. भिंत आहे ना." ती गेल्यावर साड्या बहिणींनी वाटून घेतल्या, औषधं लेकीनं आवरली. पट्टा कुणाला नेता येण्यासारखा नव्हता, म्हणून राहिला.

"खाच मारतो, वायर आत, वरून लांबी भरून रंग," वायरमन म्हणाला. "भिंत नव्या नवरीसारखी करून देतो, काका."

"वरच्या बाजूनं ने की."

"दिवा खाली पायाशी लावायचा, वायर खालूनच जाणार. वर तर बीम आहे. तो फोडला तर घरच खाली येईल, मग दिवा कुणासाठी लावू?"

लेक आतून आली. बोळातली जुनी वायर जळाली होती, आणि गेल्या आठवड्यात काका अंधारात समोरच्या बाजूच्या कपाटावर आदळले होते. भुवईवर टाके पडले. लेक रजा टाकून धावत आली ती त्यासाठी. बाबा मुद्दाम कपाटाच्या बाजूनं चालतात, त्या भिंतीला आपला हात लागू नये म्हणून, हे तिला ठाऊक नव्हतं.

"सेलवरचा दिवा मिळतो म्हणे," काका म्हणाले. "चिकटवला की झालं."

"आहे की, पिशवीतच आहे एक. माणूस हलला की लागतो, थांबला की विझतो. पण काका, सेलचा दिवा म्हणजे उसनं अवसान."

"माझं तरी वेगळं काय आहे?"

वायरमननं लेकीकडे बघितलं. लेक बोलली. टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले होते, तेव्हा बाबा महिनाभर उठून उठून टीव्हीचीच बटणं दाबत होते. ते या दिव्याचे सेल वेळेवर बदलतील यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. काकांनी मग सुचेल ते पुढे केलं. लाइट गेली तर वायर काय चाटायची? सिमेंटच्या धुळीनं खोकला होतो. खालच्या मजल्यावर तान्हं मूल आहे. एकेक सबब आधीच्या सबबीपेक्षा तोकडी होती, आणि ते त्यांनाही कळत होतं. खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग लेक रडली असती आणि तिची समजूत काढावी लागली असती. समाचाराला आलेल्या माणसांचीच समजूत काढता काढता काका पार थकून गेले होते.

"पुन्हा पडलात तर मी काय करायचं, तेवढं सांगा," लेक म्हणाली.

"पडणार नाही."

"बाबा."

"भिंत फोडायची नाही. घर माझं आहे."

वायरमननं छिन्नी परत पिशवीत टाकली. उघड्या तारेत आणि बापलेकीच्या भांडणात हात घालू नये, एवढं तो धंद्यात शिकला होता. न्हाणीघराच्या चौकटीशी, खालच्या अंगाला त्यानं दिवा चिकटवला आणि निघून गेला. लेक स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरातच वाजू लागली.

काका भिंतीशी बसले. तयार कपड्यावरचा खडू झटकावा तशी बोटाच्या टोकानं ती रेघ झाडत गेले. खालचा डाग जराही फिसकटू दिला नाही. पांढरी पूड फरशीवर पडत राहिली.

दिवेलागणीला लेक बोळात आली, तसा दिवा लागला. उजेड खालून, भिंतीला घासून गेला, आणि एरवी न दिसणारा पट्टा लख्ख दिसला.

"अगंबाई, केवढी मळलीय भिंत," ती म्हणाली, आणि ओलं फडकं घेऊन आली.

काका खोलीच्या दारात उभे राहिले.

लेक उकिडवी बसली. फडकं उचललं आणि तिथंच थांबली. चौकटीजवळ, दम घ्यायला थांबायच्या जागी, पट्टा रुंद झाला होता आणि त्यातून पाच बोटं वेगळी दिसत होती. तिनं आपला पंजा त्या बोटांसमोर धरला, न टेकवता. नंतर ती हलली नाही. काकाही हलले नाहीत. दिवा विझला.

बराच वेळ अंधार होता. मग फडकं पिळल्याचा आवाज झाला, आणि उजेड आला. लेक खाली वाकून फरशी पुसत होती. खडूची पूड पडली होती, तेवढीच.

"कपाटाच्या बाजूनं नका जात जाऊ," ती मान वर न करता म्हणाली. "भिंत आहे ना."

ती फडकं धुवायला आत गेली. काका तसेच उभे राहिले, दिवा पुन्हा विझेपर्यंत. मग त्यांनी हात भिंतीकडे नेला.