‘आता’ कोण म्हणणार

सिनानं पाचवा पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

शेडमध्ये हशा चालला होता, तो विरला. लांब टेबलावर सहा बाटल्या उभ्या होत्या. कुणाची कुठली ते कळू नये म्हणून प्रत्येकीला लोकरीचा मोजा चढवलेला. दक्षिण आफ्रिकेतल्या कालिट्सडॉर्पच्या मद्यवाल्यांचा हा दरवर्षीचा खेळ. द्राक्षं खुडायच्या आधी जमायचं, सगळ्यांची चाखायची आणि त्यातली आपली ओळखायची. पाच गावच्या, एक पोर्तुगालची. आपल्या गोड, कडक द्राक्षमद्याच्या बाटलीवर ‘पोर्ट’ लिहायचा गावाचा हक्क पोर्तुगालनं कधीच काढून घेतला होता, त्याचा वचपा म्हणून त्यांच्या बाटलीला मनसोक्त नावं ठेवायची रीत होती. मागच्या वर्षी शेजारच्या वेसेलनं नेमकी तीच आपली म्हणून छातीशी धरली, आणि गाव त्याला अजून ‘सेन्योर’, म्हणजे पोर्तुगीज साहेब, म्हणून चिडवत होतं.

आजवर हा खेळ सिनाचा नवरा यूरी खेळायचा आणि सिना बाहेर शेगडीवर मटण भाजायची. गेल्या हिवाळ्यात यूरी गेला. आता येत्या खुडणीला टाकीजवळ कोण उभं राहणार? टाकीत रस आंबत असतो, त्यातली साखर घटत असते, आणि कुणीतरी चाखून ‘आता’ म्हणायचं असतं. मग त्यात ब्रँडी ओतली की आंबणं थांबतं. लवकर ओतली तर नुसती काकवी, उशीर झाला तर खोकल्याचं औषध. ते ‘आता’ आपल्याला जमेल असं सिनाला आतून वाटत होतं. तिचा मुलगा रिआन मळा विकायचं म्हणत होता.

“आई, आज आपली बाटली ओळखलीस तर मी विक्रीचं नाव काढणार नाही,” तो सकाळी म्हणाला होता. “नाही ओळखलीस तर मात्र माझं ऐकायचं.”

सिना कबूल झाली होती.

तिसऱ्या पेल्यापाशीच ती हसली होती. त्यात घर होतं. रविवारचं जेवण, पांढरा टेबलक्लॉथ, रिआनच्या वाढदिवसाचा केक. हीच आपली, असं ओठांवर आलं होतं. पण मग हा पाचवा आला. आधी गोड, दाट, सुक्या अंजिरासारखा, आणि गिळल्यावर मागून हळूच येणारी कडसर झाक. ही झाक तिला फार जवळून ठाऊक होती. यूरी दर उन्हाळ्यात जर्दाळूचा मुरांबा स्वतः करायचा. ती उतरव उतरव म्हणायची आणि तो “अजून जरासं” म्हणत पातेल्यावर वाकून राहायचा, आणि मुरांब्याला अशीच कडसर झाक यायची. मिटल्या डोळ्यांसमोर शेड नाहीशी झाली. वाफेत यूरीची पाठ दिसत होती, सदरा घामानं चिकटलेला. तो वळला नाही. वळला नाही तरी चालेल, असाच उभा राहू दे, असं तिला वाटलं. डोळे उघडायला तिला बराच वेळ लागला.

“ही,” तिनं पाचव्या बाटलीवर हात ठेवला. “ही यूरीची.”

वेसेलनं मोजा ओढला. बाटली वेसेलची निघाली. मग त्यानं तिसरीचा मोजा काढला. ती सिनाच्या घरची होती.

कुणी हसलं नाही. रिआननं मान खाली घातली. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मुळीच नव्हता. सिना सावकाश बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. समोरचे डोंगर संध्याकाळच्या उन्हात तांबूस झाले होते. तिला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. यूरीची चवच आपण विसरलो की काय?

वेसेल मागोमाग आला. हातातली टोपी तो गोल गोल फिरवत होता.

“सिना, ती बाटली माझी आहे खरी, पण—”

“वाचता येतं मला.”

“अगं, ऐकून तर घे. माझ्या टाकीला ‘आता’ यूरीच म्हणायचा. आणि तुमच्या टाकीला मी.”

सिना भिंतीपासून सरळ झाली.

“आपलं पोर कुणाला वाईट दिसतं? टाकीचंही तसंच. स्वतःच्या रसाला माणूस भुलतो. म्हणून आम्ही तरुणपणीच अदलाबदल ठरवली. गावाला पत्ता नाही.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

“तू त्याचं इतकं कौतुक करायचीस, त्याच्यानं सांगवेना.”

“म्हणजे दर रविवारी मी तुझ्या हातचं पीत होते? आणि वाहवा त्याची?”

“कुंपणापलीकडे मला सगळं ऐकू यायचं,” वेसेल पडेल आवाजात म्हणाला.

सिनाला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. वेसेलनं टोपी डोक्यावर चढवली. तो डोंगराकडे बघत राहिला. रिआन दारात येऊन उभा होता.

“माझी द्राक्षं तयार होत आलीत,” शेवटी वेसेल म्हणाला. “ ‘आता’ म्हणायला माझ्याकडे कुणी नाही. येशील?”

“आणि माझ्या टाकीला?”

“मी काय मेलोय?”

सिनानं बाहीला डोळे पुसले.

“ती वेळ रात्रीबेरात्री आली तर?”

“रात्रीबेरात्रीच येते मेली.”

“मग तुझं ते कुत्रं बांधून ठेव.”

दारातल्या रिआननं ते ऐकलं. विक्रीचं नाव न काढता तो शेगडीपाशी गेला आणि आईच्या जागी मटण उलटू लागला.