बोटावरची साखर

कुत्रं पाचटात झोपलंय.

कापूस, सुया, पट्ट्या, साबणाची अर्धी वडी.

पहिलवानासारखा निंबा मुकादम सुई पाहून डोळे मिटतो.

भागीरथीच्या पायाच्या अंगठ्याला फडकं. ओलं.

१९९७चा गळीत हंगाम, सुरतेजवळच्या कामरेजच्या पलीकडचा फड. ऊस तोडणारी टोळी नवापूरकडच्या भिल्लांची. सुरतेहून आलेली नर्स रंजना, तिथल्याच पांडेसऱ्याच्या मराठी वस्तीत वाढलेली. बोटाचा थेंब पट्टीवर घेतला की तिचं यंत्र तिथल्या तिथे रक्तातली साखर सांगतं.

यंत्राने सगळ्यांनाच वाढलेली साखर सांगितली. मुकादमाला, म्हातारीला, पोरींना.

आख्खी टोळी आजारी?

पाहुणी म्हणून सोलून दिलेलं उसाचं कांडं रंजनाने खाली ठेवलं. स्वतःचं बोट टोचलं. तीनशेच्या वर! बोट चाटून पाहिलं.

गोड.

साबण. पाणी. पुन्हा सुई. तिचा आकडा उतरला. मग एकेकाचे हात धुतले, टोळीचाही उतरला.

"दिवसभर ऊस तोडतो ताई, बोट काय कडू लागंल?" निंबा हसला.

"मशिनले गोड खावानी सवय शे!" मागून कुणीतरी.

भागीरथी तेवढी हात न धुताच उठून गेली.

रंजना तिच्या मागे फडात. "मावशी, तुमचं राहिलं."

"सगळ्यांचं खोटं निघालं. माझंच खरं कशाला निघंल?"

"पायाची जखम भरत का नाही मग?"

"भरंल. तू जा बाई, गाडी भरायचीय."

"तुम्ही बोट दिल्याशिवाय जात नाही."

रंजनाने पदर खोचला, मोळी बांधायला घेतली. मोळी सुटली. पुन्हा बांधली. पुन्हा सुटली.

"मोळी आहे का गोधडी?" भागीरथी हसली. मग हात पुढे केला. "धू."

रंजनाने आधी स्वतःचे हात धुतले. मग भागीरथीचे, नखांच्या आतपर्यंत.

सुई. थेंब. थांबणं.

आकडा उतरला नाही.

"पाय कापतील?"

"आज दवाखान्यात आलात तर वाचवायचा प्रयत्न होईल. उशीर केलात तर सांगता येत नाही."

भागीरथीने कोयता नवऱ्यापुढे टाकला. "किसन, बैल जुंप. ऊस राहू दे. मला न्यायचंय."

भागीरथीची आई आदल्या वर्षी पायाच्या जखमेनेच गेली होती.