अडीचची फेरी

पडद्यावरचा वॉचमन घोरला आणि अख्खं थिएटर हसलं. काही जण तर त्याच्या आधीच घोरायला लागले. पिक्चरला पंचवीस वर्षं झाली म्हणून हा खास खेळ; सगळ्यांना तोंडपाठ.

पहिल्या रांगेतल्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. तो वॉचमन म्हणजे त्यांचा नवरा. खरा नवरा गोदामाच्या दारात चोरांना आडवा गेला, डोक्यात कांब बसून मेला. भर दुपारी, टक्क जागा असताना.

"आई, चल घरी," मुलगा कुजबुजला.

"थांब. ज्या कामाला आलेय ते होऊ दे."

पर्समध्ये कागदाची गोल चकती होती, नवऱ्याच्या गस्तीच्या घड्याळातली. दर अर्ध्या तासाला फेरी मारायची, टोकाच्या भिंतीवरची किल्ली घड्याळात फिरवायची, की चकतीला टोचा पडायचा. शेवटचा टोचा अडीचचा. चोर शिरले पावणेतीनला.

पिक्चर संपला. दिग्दर्शकाने काकूंना स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला. काकूंनी चकती पुढे केली.

"साहेब, ते झोपले नव्हते. हे बघा."

दिग्दर्शकाने माईक बंद केला. "अहो काकू, पिक्चर आहे तो. आणि आम्ही मनाचं नाही घातलं. त्या चोराला जेलात चारदा भेटलो. तोच म्हणाला, वॉचमन घोरत होता."

"मारणाऱ्याकडे चारदा गेलात! आमचं घर जेलच्या मागच्याच गल्लीत. एकदा वाट वाकडी करावीशी नाही वाटली?"

"लोकांना आवडतो हो तो सीन."

"आवडणारच. त्यांचं कोण मेलंय? माझ्या पोराला दहावीपर्यंत घोऱ्या म्हणायचे!"

खाली लोकांना वाटलं, बाई आभार मानतायत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुष्पगुच्छ खुर्चीवर टाकून काकू बाहेर आल्या. मुलगा गाडी काढायला गेला. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनची नजर चकतीवर गेली.

"गस्तीची ना? बघू." त्याने ती उजेडात धरली, टोच्यांवरून बोट फिरवत गेला. "सकाळी सातपासून एक फेरी चुकली नाही! आमची रोज एखादी बुडते. कुणाची हो?"

"आमच्या ह्यांची."

"मग अडीचनंतर कोरी कशी?"

काकूंनी वर पोस्टरवरच्या घोरणाऱ्या वॉचमनकडे बोट केलं. त्याने वर बघितलं, मग पुन्हा चकतीकडे.

चकती त्याने दोन्ही हातांनी परत दिली. आपलं स्टूल काकूंकडे सरकवलं आणि गाडी येईपर्यंत बाजूला उभा राहिला.