चाकाला लावलेला कान

फाल्गुनातल्या सकाळचं ऊन पत्र्याच्या छपरातल्या एका धूसर काचतुकड्यातून खाली उतरायचं आणि साळवेकाकांच्या डाव्या कानावर येऊन थांबायचं. वयाने पातळ झालेला तो कान उन्हात कडेकडेने जास्वंदीच्या पाकळीसारखा उजळायचा, आणि त्याच्याशी त्यांनी धरलेलं असायचं माझ्या रिमोटवरच्या ट्रकचं मागचं चाक. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, तर्जनीने चाक सावकाश फिरतं आहे, आणि आतल्या दातेरी चाकांची, कोरड्या वाळूवरून कुणी अनवाणी चालावं तशी कुजबुज ते ऐकताहेत. बाहेर येरवड्याच्या त्या गल्लीत रिक्षा फुरफुरत, कुकर शिट्या देत, शेजारणी नळावर एकमेकींना टोमणे मारत. काकांपर्यंत त्यातलं काही पोहोचत नसे.

तो कान मी निकामी केला. हे मी काकांखेरीज आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

भोसरीच्या एका कारखान्यात गिअर घडवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली एक लाकडी टेबल मांडून ते शिलाई मशीन आणि मिक्सर दुरुस्त करीत. हत्यारं मोजकीच; खरं हत्यार तो कान. तीस माणसं आणि साठ यंत्रं एकदम गरजत असताना कुठला दाता कुठे दुखतो आहे हे त्यांना कळायचं, असं त्यांची मुलगी सुजाता सांगायची, आणि त्यात बापाच्या कौतुकापेक्षा वस्तुस्थितीचा कोरडेपणा अधिक असायचा.

मी खराडीतल्या एका कंपनीत माणसांवर देखरेख करणारा, पन्नाशीला टेकलेला गृहस्थ. रविवारी सकाळी तिथल्याच एका मोकळ्या माळावर आम्ही काही प्रौढ पुरुष रिमोटवरचे ट्रक पळवतो. माझा ट्रक दोन हात लांब, विजेवर चालणारा, आणि असा दांडगा की सुरू होतानाच पुढची चाकं उचलतो. पहिल्यांदा तो वळणावर कटकटू लागला तेव्हा मी काकांकडे नेला. त्यांनी तो चष्म्यावरून न्याहाळला आणि म्हणाले, "एवढी ताकद आहे, तर घरचं पाणी तरी भरून घ्या याच्याकडून."

मग एक चाक धरून त्यांनी दुसरं फिरवलं. वळताना आतल्या चाकाने हळू आणि बाहेरच्याने जलद फिरायला हवं. दोघांत तो समेट घडवणारी जी दातेरी चाकांची डबी, ती डिफरन्शियल. डबीत मोठं क्राउन आणि छोटं पिनियन ही दोन दातेरी चाकं एकमेकांना नुसती स्पर्शत होती, धरत नव्हती. काकांनी नखाएवढ्या जाडीची एक पोलादी कडी मध्ये सरकवली, कान लावला. ती काढून त्याहून पातळ घातली, पुन्हा कान लावला. असं दुपार होईपर्यंत चाललं. आणि मग, तंबोरा लागावा तशी, ती खरखर एका भरीव, शांत गुणगुणीत विरघळली. ट्रक परत देताना त्यांनी अट घातली: "आहे तीच बॅटरी ठेवा. मोठी लावलीत तर दाते हात जोडतील, आणि त्यांच्यामागून मी." मी हो म्हणालो. इतक्या सहज, की ते वचन आहे हे माझ्याच लक्षात आलं नाही.

वर्षभर ट्रक निर्वेध पळाला. पुढच्या हिवाळ्यात माळावर कुणाचा तरी ट्रक माझ्या पुढे गेला, आणि मी दुप्पट ताकदीची बॅटरी आणली. ट्रक पुरुषभर उंच उडू लागला. हवेत मोकाट फिरणारी चाकं ज्या क्षणी जमिनीला टेकत, त्या क्षणी सगळा वेग त्या इवल्या डबीवर कोसळे. तिसऱ्या उडीला आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला. भोवती टाळ्या वाजत होत्या.

येरवड्याला जाण्याआधी मी मोठी बॅटरी काढून जुनी बसवली. मोठीने कप्प्यात उठवलेले ओरखडे ओल्या फडक्याने पुसले. हे मी एकदा नाही, तीनदा केलं.

काकांनी डबी उघडली आणि तुटलेले दाते तळहातावर घेतले. एकाच ठिकाणचे तीन, मुळापासून उखडलेले, बाकीचे नव्यासारखे. त्यांनी ते बराच वेळ बोटाने चाचपले.

"झिजलेला दाता गोल होतो, साहेब. हे एका दणक्यात गेलेत. बॅटरी तीच ना?"

"तीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या दात्यांकडे पाहिलं, आणि मान हलवली. धातू एक सांगत होता आणि माणूस दुसरं. त्यांनी माणसाचं खरं मानलं. ते मला धूर्त समजले असते तर वाचले असते. पण आयुष्यभर पोलादाची पारख करणाऱ्या त्या माणसाला माझ्यासारख्या इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने एका खेळण्यापायी खोटं बोलावं, हे सुचलंच नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी कड्या बदलल्या, तेल बदललं, बेअरिंग बदललं. तिसऱ्या वेळी बॅटरीचं विचारलंच नाही. सुजाताला आतून बोलावून चाक तिच्या कानाशी धरलं आणि खरखर येते का विचारलं. ती नाही म्हणाली. "मलाही येत नाही," ते म्हणाले. "पण असणार. माझाच कान गेला." त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला अजून टोचतं. मी तिथे स्टुलावर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी पंख्याकडे पाहिलं.

त्यानंतर टेबलावर चादर पडली. शिलाई मशीन घेऊन येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवू लागले. सुजाताने फोनवर सांगितलं, की बाबा टीव्ही मोठ्याने लावतात, हाक मारली तर मुद्दाम दुसऱ्यांदा विचारतात. डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हटलं, तर म्हणाले, डॉक्टर माणसांचं ऐकणं तपासतात, लोखंडाचं नाही. मी दरम्यान बाहेरून कडक पोलादाचे गिअर मागवले. ट्रक उत्तम चालू लागला. आठ महिने मी तो चालवत राहिलो.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी अखेर दोन्ही बॅटऱ्या आणि ट्रक घेऊन गेलो. चादर बाजूला सारून दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, ओल्या फडक्यासकट. काकांनी एक बॅटरी उजव्या तळहातावर घेतली, एक डाव्या, आणि वजन जोखलं. पिवळं ऊन आता कानावरून उतरून त्यांच्या मनगटावर आलं होतं.

"म्हणजे दाते खरं सांगत होते," ते म्हणाले. बॅटऱ्या टेबलावर परत ठेवून म्हणाले, "आणि मला नीट ऐकू येत होतं."

रागावले असते तर मी तो राग घेऊन घरी गेलो असतो. मी मूर्खासारखा ट्रक पुढे सरकवला. वाटलं, एकदा ऐकतील आणि सगळं पूर्ववत होईल. त्यांनी चाक कानाशी नेलंही. डोळे मिटले. पण तर्जनी अडखळत होती, कपाळावर आठी होती, आणि मान पूर्वीसारखी कलली नाही. मग त्यांनी चाक खाली ठेवलं. "आता कान लावला की मी मलाच तपासत बसतो, साहेब. चाक ऐकू येत नाही." सुजाताला त्यांनी चहा टाकायला सांगितलं. मी तो प्यालो. तो नाकारण्याचंही धैर्य माझ्यात नव्हतं.

वैशाखात ते गेले.

ट्रक आता गच्चीत पडून आहे. पानगळीचा चुरा त्याच्या कप्प्यात साचला आहे, आणि फडक्याने पुसूनही राहिलेला एक ओरखडा तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतो. कधी कधी मी चाक कानाशी नेऊन फिरवतो. काही तरी कुजबुजतं, पण ते दुखणं आहे की गुणगुण, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. गेलेल्या माणसांचा आवाज काळ हळूहळू पुसून नेतो, पण काकांच्या आवाजाआधी माझ्या मनात येतं ते त्यांचं मिटल्या डोळ्यांचं ऐकणं, आणि त्या ऐकण्याला मी दिलेलं, अजून तिथेच अडकलेलं, एका शब्दाचं उत्तर: "तीच."